दूरच्या चौकीचा आवाज

वरोऱ्याच्या स्टँडवर बस थांबली होती तेव्हा बाबांचा फोन आला. मी नागपूरच्या दवाखान्यातून कुंदाआत्याचे रिपोर्ट घेऊन चंद्रपूरला परत येत होते. बाबा म्हणाले, "गेली." मी "बरं" म्हणाले. आम्ही दोघंही नुसते फोन कानाला लावून होतो... बाबांच्या मागे कुणाच्या तरी चपलांचा आवाज येत होता, भांडं ठेवल्याचा आवाज येत होता. शेजारच्या सीटवर एक बाई येऊन बसल्या. सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी त्यांनी माझ्या पायाशी सरकवली आणि विचारलं, "ठिवू ना इथी? तुले अडचन तं नाई होत?" मी मान हलवली. बस सुटली. रिपोर्टांची आता गरज उरली नव्हती, तरी उतरताना ते राहून जातील म्हणून चंद्रपूर येईपर्यंत मी ते हातात घट्ट धरून बसले. रडू आलं ते घरी, तेही सगळ्यांची जेवणं झाल्यावर, भांडी आवरताना.

कुंदाआत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. आमचं मूळ गाव वरोऱ्याजवळचं. आजोबांनी मुलांना शिकवायचं ठरवलं होतं आणि मुलीला त्यातून वगळलं नाही. आत्यानं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि चंद्रपूरच्या एका छोट्या खासगी वर्कशॉपात लागली. लग्न केलं नाही. का केलं नाही हे घरात कुणी विचारत नसे. निदान माझ्यासमोर तरी नाही. त्या वर्कशॉपाकडे जंगलातल्या चौक्यांच्या वायरलेस यंत्रणेच्या दुरुस्तीचं कंत्राट होतं. चौक्या कुठल्या खात्याच्या, टेकडी कुठली, ही नावं मी इथे लिहीत नाही. गडचिरोलीच्या बाजूला, मूल आणि सावली ही गावं ओलांडून पुढे गेल्यावर एक टेकडी लागते एवढं पुरे. तिच्यावर एक खोली, खोलीशेजारी उंच मनोरा आणि खोलीत बेस स्टेशन. आजूबाजूच्या जंगलातल्या चौक्यांवर लहान सेट असतात. त्या सगळ्यांचं बोलणं या टेकडीवरच्या ऑपरेटरपर्यंत येतं आणि त्याच्याकडून पुढे जातं. मोबाइलची रेंज त्या भागात आजही येते-जाते. त्यामुळे टेकडी ऐकते आहे ना, यावर बरंच काही अवलंबून असतं.

मी नागपूरला वाढले, इंग्रजी शाळेत. सुट्टीत चंद्रपूरला आले की आत्या मला तिच्या कामाच्या टेबलाजवळ बसवायची. मी फार बोलत नसे. पाहुणे आले की आतल्या खोलीत जायचे, फोन वाजला की दुसऱ्या कुणी उचलेपर्यंत थांबायचे. आई याची काळजी करायची. आत्या करत नसे. ती म्हणायची, "बोलन जवा बोलाचं असन तवा. तुमाले काऊन घाई?" पण चिडवायची मात्र. "आमची कॉन्व्हेंटवाली आली. आता घरात लय गलबला होते बापा." तिच्याबरोबर जीप घेऊन जाणारे रफिकभाऊ तर तिच्याही पुढे. एकदा मी त्यांना पाणी आणून दिलं आणि काही न बोलता उभी राहिले, तर ते गंभीर चेहऱ्यानं आत्याला म्हणाले, "बाई, ये लडकी का माईक खराब आहे वाटते. खोलून पाहा ना एकदा." आत्या हसता हसता टेबलावर डोकं टेकून बसली होती. मलाही हसू आलं होतं, पण मी ते दाखवलं नाही.

तिचं काम मी त्या टेबलाशी बसून पाहिलं. बेस स्टेशनमधला एखादा भाग जळाला, तो बदलला, की लोकांच्या लेखी दुरुस्ती झालेली असते. आत्याच्या लेखी तिथून काम सुरू व्हायचं. नवा भाग आला की यंत्राचं सगळं थोडं थोडं हलतं. ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवरून ते किंचित सरकतं, ताकद कमी-जास्त होते, बोलणं नको इतकं मोठं किंवा बारीक जातं, आणि दुरून येणारा अशक्त आवाज त्याला ऐकू येतो की नाही याचा भरवसा राहत नाही. हे सगळं मोजून पुन्हा जागेवर आणायचं, म्हणजे कॅलिब्रेशन. ती त्याला "मापात आनणं" म्हणायची. सेट सुरू केला की लगेच मोजायचा नाही, आधी तापू द्यायचा. "थंडा सेट खोटं बोलते," ती म्हणायची, आणि तोवर आम्ही चहा प्यायचो. मला सगळ्यात आवडायचं ते ऐकण्याचं माप. ती एका यंत्रातून सेटला बारीक शिटीसारखा सूर द्यायची आणि तो कमी कमी करत न्यायची. सूर खरखरीत बुडत जायचा. ती डोळे मिटून, मान थोडी कलती करून ऐकत राहायची आणि मला विचारायची, "आहे अजून?" मी म्हणायचे, "आहे." "आता?" "...आहे." "आता?" मग मी काहीच म्हणत नसे. ती डोळे उघडून काट्याकडे बघायची. त्या टेबलाशी माझ्या गप्प राहण्याचाही उपयोग होता.

एका दुपारी असाच चहा घेताना मी तिला टेबलावरच्या एका काळ्या वस्तूबद्दल विचारलं. मनगटाएवढी जाड, चहूबाजूंनी पत्र्यासारख्या पात्या असलेली. त्याला डमी लोड म्हणतात. मनोऱ्याकडे जाणारी केबल काढून तिथे हा जोडला की यंत्राची सगळी ताकद याच्यात जिरते आणि नुसती उष्णता होते. मोजमाप चालू असताना हवेत काहीच जाऊ नये, दुसऱ्यांच्या बोलण्यात अडथळा येऊ नये, म्हणून हा वापरतात. काम झालं की काढून ठेवायचा आणि मनोऱ्याची केबल परत जोडायची. एवढं सांगून ती थांबली. मग त्याच आवाजात, चहाचा कप खाली न ठेवता, तिनं मला उरलेलं सांगितलं.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. त्या टेकडीवरचं बेस स्टेशन दुरुस्त होऊन आलं होतं, ते बसवायला आत्या गेली होती. पावसाळा जवळ आला होता, आभाळ भरलेलं, रफिकभाऊ खालून हॉर्न देत होते. सगळी मापं बरोबर आली. तिनं माईक उचलून रफिकभाऊंच्या हातातल्या सेटला आवाज दिला, ते खालून बोलले, स्वच्छ ऐकू आलं. ऑपरेटरनं सही केली. ती निघाली. डमी लोड तसाच जोडलेला राहिला. इतक्या जवळच्या सेटला त्यातून झिरपणारा थोडासा आवाजही पुरतो, म्हणून रफिकभाऊंना ऐकू गेलं. टेकडीच्या पलीकडे काहीच गेलं नाही आणि पलीकडून काही आलंही नाही. संध्याकाळी ऑपरेटरनं चौक्यांना हाका मारल्या, कुणीच ओ दिली नाही. आभाळ आलं की तिथे असं व्हायचं. त्यानं सकाळी बघू म्हणून सोडून दिलं.

सगळ्यात दूरच्या चौकीवर मडावी नावाचे चौकीदार होते आणि त्यांच्याबरोबर रोजंदारीवर त्यांचा धाकटा भाऊ सोमा. त्या संध्याकाळी सोमाला साप चावला. मडावीभाऊ वायरलेसवर गाडी मागत राहिले. टेकडीवरचा सेट त्या दिवशी सुरू होणार हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे आत्ता उत्तर येईल, मग येईल, असं म्हणत ते बसून राहिले. शेवटी त्यांनी सोमाला खाटेवर घालून चालायला सुरुवात केली, तोवर उशीर झाला होता. रस्त्याला लागायच्या आधीच तो गेला.

सकाळी आत्यानंच टेकडीवर परत जाऊन तो डमी लोड काढला. चौकशीला आलेल्यांना तिनं आपणहून सांगितलं की चूक माझी. शिक्षा झाली, वर्कशॉपानं तिला काही काळ बाहेरच्या कामावर पाठवलं नाही. ती मडावींच्या गावी गेली. ते अंगणात उभे होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाले, "सेट बंद असता तं आमी त्याले खाटेवर टाकून तवाच निगालो असतो, बाई. तुमी चालू केला म्हनून वाट पायली."

त्यानंतर ते तिच्याशी कधी बोलले नाहीत. हे सांगून झाल्यावर आत्या म्हणाली, "बोलावं त्यानं माह्यासंगं. गाली देल्ली तरी चालन." मग कप उचलून आत गेली. मी तिथेच बसून राहिले.

टेकडीचं काम पुन्हा तिच्याकडे आलं तेव्हा तिच्या पद्धती बदललेल्या होत्या. त्या मला रफिकभाऊंकडून कळल्या. मोजमाप झालं की ती तापलेला डमी लोड पदरात गुंडाळून मांडीवर घ्यायची आणि जीपमध्ये घरापर्यंत तसाच आणायची. उन्हाळ्यात रफिकभाऊ म्हणायचे, "बाई, मागे टाका ना त्याले, पोरगं आहे का ते." ती टाकायची नाही. आणि सगळ्यात दूरच्या चौकीवरून माणसाचा आवाज आल्याशिवाय ती टेकडी उतरायची नाही. दूरची चौकी म्हणजे मडावीभाऊंची. बेस स्टेशन काही तास बंद राहिलं की आज कुंदाबाई आल्या आहेत हे चौक्यांवर कळायचं. मग मडावीभाऊ त्या दिवशी कुणालाच आवाज द्यायचे नाहीत. टेकडीवरून हाक गेली की ते माईकचं बटण दोनदा दाबायचे, टक टक, आणि माईक चौकीतल्या दुसऱ्या चौकीदाराला, त्यांच्या जोडीदाराला, देऊन टाकायचे. जोडीदार बोलायचा. आत्याचं माप त्यावर पूर्ण व्हायचं, कारण नुसत्या टकटकीवरून सिग्नल पोचतो एवढंच समजतं, बोलणं कसं पोचतं ते समजत नाही. पण रफिकभाऊ सांगतात, ती टकटक यायची तेव्हा बाईंचा हात थांबायचा. जोडीदाराचा आवाज आला की पुन्हा चालायचा. वर्षानुवर्षं हेच.

मागच्या वर्षी तिला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. मी घरून काम करते, एका कंपनीसाठी इंग्रजी मजकूर तपासते. ते चंद्रपूरलाही करता येत होतं, म्हणून मी तिच्याकडे राहायला आले. माझ्याशिवाय कुणी रिकामं नव्हतं असं सगळे म्हणाले. मलाही तिथेच राहायचं होतं, पण ते मी सांगितलं नाही. आम्ही दोघी चांगल्या राहिलो. ती कुकर लावायची, मी भाजी चिरायचे. औषधाच्या वेळांची तीच मला आठवण करून द्यायची. हळूहळू तिचा आवाज बसत गेला. आधी घोगरा झाला, मग कुजबुजीएवढा उरला. डॉक्टर म्हणाले, आवाजाची नस दबली आहे. रफिकभाऊ भेटायला यायचे तेव्हा आमच्या दोघींकडे बघून म्हणायचे, "लो, आता दोघीही सायलेंटवर." ती हसायची, नुसत्या खांद्यांनी.

यंदा मे महिन्यात टेकडीवरचा सेट दुरुस्त होऊन आला. वर्कशॉपात नवा माणूस होता, चांगला शिकलेला, आत्यानंच त्याला तयार केलं होतं. तो जाऊ शकला असता. आत्या म्हणाली, मी जाते. बाबांनी फोनवर आरडाओरडा केला, मग मला म्हणाले, तू थांबव तिला. मी तिच्याकडे पाहिलं. ती तिच्या बॅगेत हातरुमाल भरत होती. मी बाबांना म्हणाले, "मी सोबत जाते."

उन्हं चढायच्या आत निघालो. मूलच्या पुढे मोहाच्या झाडांखाली बायका-पोरं टोळंबी, म्हणजे मोहाच्या बिया, वेचत होती. आत्या काचेला डोकं टेकून बघत होती आणि मधूनमधून डोळे मिटत होती. टेकडीवर रफिकभाऊंनी तिला जवळजवळ उचलूनच नेलं. खोलीत गेल्यावर मात्र तिचे हात नेहमीसारखे चालायला लागले. ऑपरेटर, पोरसवदा वाटणारा पण दोन लेकरांचा बाप असलेला माणूस, तिला स्टूल देऊन स्वतः उंबऱ्यावर बसला. सेट तापत ठेवला. डमी लोड जोडला. एक एक माप ती कुजबुजत सांगायची, मी लिहून घ्यायचे. फ्रिक्वेन्सी किंचित सरकली होती, ती तिनं बारीक स्क्रूनं जागेवर आणली. ऐकण्याच्या मापाला तिनं मला जवळ बोलावलं. "आहे अजून?" मी म्हणाले, "आहे." तिला माझ्या आधीच ऐकू येईनासं होत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. तिनं ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं आणि काही न बोलता माझ्या कानावर काम पुरं केलं.

मग तिनं डमी लोड काढला, पदरात घेतला, मनोऱ्याची केबल हातानं घट्ट केली, तीनदा ओढून पाहिली. जवळच्या चौक्या एकेक करून झाल्या. त्यांच्याशी ऑपरेटर बोलला. दूरच्या चौकीला हाक गेली. टक टक. आम्ही वाट पाहिली. जोडीदाराचा आवाज आला नाही. ऑपरेटरनं पुन्हा विचारलं. टक टक. जवळच्या चौकीवरून कळलेलं तो आत्याकडे वळून म्हणाला, "जोडीदार रेशन आनाले गावात गेला बाई. एकलाच हाय थो आज." आत्यानं केबल पुन्हा एकदा ओढून पाहिली. ऑपरेटर म्हणाला, "सिग्नल तं पोचून राह्यला ना. उतरा आता. ऊन लय झालं." तिनं मान हलवली... नाही. मग तिनं माईक माझ्यापुढे धरला.

"तू मोज," ती कुजबुजली. "एकपासून. मराठीत मोजजो."

कुणाशी बोलायचं हे माहीत असताना मला बोलता येत नाही. इथे तर चौक्यांवरची सगळी माणसं ऐकणार होती. मी बटण दाबलं आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन... माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. सातावर मी अडकले, पुढे आठ की काय असं झालं आणि बटण सोडलं. खरखर आली. आत्याचा हात स्क्रूवर होता.

"कोन हाय वं पोरी?" सेटमधून आवाज आला. जाड, थोडा वैतागलेला. "काईच ऐकू नाई येऊन राह्यलं. माईक तोंडाजवळ घे ना. जोरानं बोल."

ऑपरेटर उंबऱ्यावरून उठून उभा राहिला. आत्याचा हात तिथेच थांबला. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं डोळ्यांनीच सांगितलं, मोज. मी माईक ओठांना लावला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. या वेळी दहापर्यंत गेले.

"हां. आता साफ हाय," आवाज म्हणाला. मग पुन्हा आवाज आला, "बाई हायेत का तिथी?"

मी आत्याकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. मी बटण दाबून म्हणाले, "आहेत. ऐकतायत."

बराच वेळ नुसती खरखर होती. मग तो आवाज म्हणाला, "बरं." आणि गेला.

आत्यानं झाकण बसवलं, चारही स्क्रू पिळले, हत्यारं कापडात गुंडाळली. जीप सावली गावापर्यंत आली तेव्हा तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी कान जवळ नेला. "साफ हाय म्हनला ना तो?" मी हो म्हणाले. ती काचेबाहेर बघायला लागली. "तुह्या आवाजाले म्हनला," ती म्हणाली. मांडीवर पदरात डमी लोड होता, अजून कोमट. मला तेव्हा काहीतरी म्हणायचं होतं, म्हणजे तुझ्याबद्दल विचारलं ना त्यांनी, असं काहीतरी... पण रफिकभाऊंनी गाडी थांबवली, उसाचा रस घ्यायचा का विचारलं, आणि ते राहून गेलं.

जुलैच्या सुरुवातीला ती गेली. शेवटचे दिवस तिला फार त्रास झाला, ते मी लिहिणार नाही. जलदान विधीला वर्कशॉपातले लोक आले, गावाकडचे आले. टेकडीवरचा ऑपरेटरही येऊन गेला. बाबा प्रत्येकाला तेच तेच सांगत होते, शांत गेली, झोपेतच गेली. मी चहा देत होते. दाराकडे माझं अधूनमधून लक्ष जात होतं. ज्यांची मी वाट पाहत होते ते आले नाहीत, आणि आपण वाट पाहत होतो हे मला सगळे गेल्यावर कळलं.

मडावीभाऊ आले ऑगस्टच्या शेवटी. मी एकटीच होते. रफिकभाऊंनी त्यांना दाराशी सोडलं आणि "मी आलोच पेट्रोल टाकून" म्हणून निघून गेले. उंच माणूस, केस पांढरे, हातात छत्री आणि एक कापडी पिशवी. नमस्कार केला. बुद्धमूर्तीशेजारी आत्याचा फोटो होता, त्यापुढे ते उभे राहिले. मी चहा केला. त्यांनी तो बशीत ओतून घेतला. मग आत्याच्या टेबलाकडे पाहून म्हणाले, "इथी बसे का बाई?" मी हो म्हणाले. तिचं स्टूल रिकामं होतं, त्यावर ते बसले नाहीत.

"तू मोजत होती ना थ्या दिवशी," ते म्हणाले. "सातावर अटकली."

"हो."

"मी हासलो तवा. एकलाच होतो चौकीत." त्यांनी बशी खाली ठेवली. "बाईले राग होता का माह्यावर?"

"नाही." मग मी जसं कधीच कुणाशी बोलत नाही तसं बोलले. "तुम्ही तिच्याशी बोलावं, एवढंच तिला हवं होतं."

"मले मालूम होतं," ते म्हणाले. बाहेर रिक्षा गेली, तिचा आवाज जाईपर्यंत ते थांबले. "बोललो असतो तं सोमाची गोस्ट निगाली असती. बाई रडली असती, मी बी. वायरलेसवर सप्पा लोकं ऐकतेत, पोरी." मग म्हणाले, "आन राग बी होता. नाई होता असं काऊन म्हनू."

त्यांनी पिशवीतून जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं काढलं आणि टेबलाच्या कडेवर ठेवलं. गाठ सोडली. आत चारोळी होती. बाजारात मिळते तशी चकचकीत नाही, जरा मळकट, घरी फोडलेली. जंगलातून टिपून आणायची, वाळवायची, जात्यावर हलक्या हातानं भरडायची आणि एक एक दाणा वेचून काढायचा. ओंजळभर चारोळीला किती वेळ लागत असेल, मला अंदाज नाही.

"सोमाच्या घरवालीनं देल्ली," ते म्हणाले. "ऑपरेटर सांगे का बाई लय बिमार हाय, आवाज गेला. मी घरी जाऊन तिले सांगतलं. तं तिनं हे बांधून देल्लं. म्हने, कुंदाबाईले नेऊन द्या. मे मयनाच होता तवा." ते गाठोड्याकडे बघत होते. "मी म्हटलं जातो. जातो जातो करत पानी आला. मंग रोवनं सुरू झालं. म्हटलं रोवनं झालं का जाऊ..."

धानाची रोवणी जुलैभर चालते. एवढं मलाही माहीत आहे.

"त्या आणखी काही म्हणाल्या का?" मी विचारलं.

"काई नाई. बाईले खीर आवडते का विचारजा म्हने. आवडत असन तं पुढच्या साली जास्त देईन."

कुंदाआत्याला गोड कधीच आवडलं नाही. वैशाखी पौर्णिमेची खीरसुद्धा ती चमचाभर घेऊन वाटी बाबांकडे सरकवायची.

"खूप आवडायची," मी म्हणाले.

"मंग सांगतो तिले," ते म्हणाले. रफिकभाऊंचा हॉर्न वाजला. ते छत्री घेऊन उठले, दाराशी चप्पल घालताना भिंतीला हात टेकून जरा थांबले, आणि गेले.

तिच्या स्क्रूंच्या प्लॅस्टिकच्या डब्यांपैकी एक धुऊन, वाळवून मी चारोळी त्यात भरून ठेवली आहे. ती टेबलावरच असते, मी तिथेच लॅपटॉप उघडून काम करते. आई म्हणते, चारोळी फार दिवस टिकत नाही, खवट होते, कशात तरी घालून संपव. मी हो म्हणते. सकाळी काम सुरू करताना दोन दाणे तोंडात टाकते आणि हळू चावते. अजून खवट झालेली नाही.